जिन्याखालची ओळख न पटलेली वस्तू

साहेब, दोष तुमचा आहे. तुमचं नाव घेत नाही, कारण तुमच्या कागदावर नाव नसतंच. नुसती सही असते, आणि तीही शाईत पाय बुडवून पळालेल्या कोंबडीसारखी. पण ‘वस्तूची ओळख पटेपर्यंत तिला हात लावू नये, आणि ती चालवून दाखवल्याशिवाय ओळख पटली असे समजू नये’ हे वाक्य ज्या हाताने लिहिलं, तो हात तुमचा. एकाच वाक्यात पोहून दाखवायला सांगायचं आणि पाण्यात उतरायला मनाई करायची, ही विद्या कुठे मिळते ते मी विचारत नाही. त्या वाक्याने क इमारतीच्या तळमजल्यावरच्या एका भित्र्या माणसाचं काय केलं, तेवढं ऐका. ऐकावंच लागेल.

त्या माणसाला सगळी वसाहत सावधानराव म्हणते. विमा कचेरीच्या दावे विभागात त्यांची उभी हयात गेली. कोणाचं दुकान कशाने जळलं, कोणाचा पंखा कोणाच्या डोक्यात पडला, कोणाच्या बंबाने कोणाला भाजलं, दिवसभर हेच वाचायचं आणि खाली शेरा मारायचा. कविता वाचून माणूस हळवा होतो म्हणतात. दावे वाचून वाचून सावधानरावांची पाचावर धारण बसली, ती कायमची. घराबाहेर पडताना ते गॅसचं बटण बघत, कोपऱ्यावरून परत येऊन पुन्हा बघत, आणि बसमध्ये बसल्यावर ‘बघितलं ते बंदच होतं ना?’ या विचारात एक थांबा पुढे जात. घरात इस्त्री होती, पण कपाटात, आणि कपाटाला कुलूप. कपडे गादीखाली घालून सरळ होत.

“आपलं लग्न लागत होतं तेव्हासुद्धा यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं,” बायको कोणालाही सांगायची, “दिव्यांच्या वायरींकडे होतं.”

बायकोला भीती म्हणून ठाऊक नाही. घरातली सगळी एकाच माणसाने घेतल्यावर दुसऱ्याला उरणार कुठून? ती वसाहतीतल्या शाळेचे गणवेश शिवते. शिलाई मशीन स्वयंपाकघरात, चुलीच्या काटकोनात. एका पोराच्या शर्टाला कांद्याचा वास येतो म्हणून त्याला वर्गात मागे बसवलं, अशी तक्रार आली आणि तिने ठरवलं की मशीन तिथून हलवायचं. एवढीच गोष्ट होती, साहेब. एका शिलाई मशीनला जागा. जिन्याखाली एक बुटकी खोली होती, त्यांच्याच क्वार्टरला जोडलेली. किल्ली मात्र आधीच्या भाडेकरूकडे नव्हती, त्याच्या आधीच्याकडेही नव्हती.

“कुलूप तोडायला परवानगी लागते,” सावधानराव म्हणाले.

“लागते ना,” म्हणत तिने हातोडी मारली.

आत ती वस्तू होती. कंबरेएवढ्या तिकाटण्यावर काळ्या पत्र्याची पेटी, वर धुराड्यासारखं नळकांडं, पुढे घड्याघड्यांचा कातडी भाता आणि भात्याच्या टोकाला पितळी तोंड. ते तोंड थेट दाराकडे रोखलेलं. सावधानराव एक पाऊल डावीकडे सरकले. तोंड आपल्यामागोमाग फिरलं असं त्यांना वाटलं, म्हणून दोन पावलं उजवीकडे आले. शेजारच्या खोक्यात काचा होत्या, पंजाहून मोठ्या, चौकोनी, कडा काळ्या पट्टीने बांधलेल्या आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात एक पांढरा ठिपका. बायकोने एक काच खिडकीशी धरली. धुरकट भिंत, एक खांब.

“कुठलीतरी सरकारी इमारत आहे,” ती म्हणाली. सरकारी इमारत ओळखू येते. कुठली ते सांगता येत नाही. मुंग्यांसारखं आहे ते.

दार उघडं म्हटल्यावर वसाहत गोळा झालीच. वरच्या मजल्यावरचा फौजी आधी आला. फौजी म्हणजे लष्करात ट्रक चालवून निवृत्त झालेला, पण बोलतो असा की युद्धं त्याला विचारून सुरू व्हायची.

“तोफ आहे,” तो म्हणाला. “लहान. डोंगरात वापरतात.”

“तोफेला भाता कशाला?” बायकोने विचारलं.

“वहिनी, जुनी आहे ती. जुन्या तोफांना धाप लागते.”

मग दुसऱ्या मजल्यावरचा कंपाउंडर आला. त्याने नाकाला रुमाल लावला, कोनातून वाकून बघितलं आणि सगळ्यांना मागे सारलं. “एक्स-रे मशीन! तोंडासमोर कोणी उभं राहू नका. आत किरणं असतात.”

“इतकी वर्षं बंद असताना?” सावधानरावांचा आवाज कुठून तरी खालून आला.

“तेच तर. ताजी किरणं परवडली. मुरलेली वाईट. आधी केस जातात.”

सावधानरावांचा हात डोक्यावर गेला. केस कधीच गेले होते; कारण आज कळलं. त्या खोलीच्या भिंतीला टेकूनच त्यांची उशी असायची.

त्या दिवसापासून क इमारतीत लोक जिना वाकून चढू लागले. दुसऱ्या मजल्यावरची वहिनी छातीशी स्टीलचं ताट धरून जायची. कंपाउंडर स्वतः मागच्या पाइपवरून उतरायचा प्रयत्न करत होता, तो पहिल्या मजल्याच्या खिडकीत अडकला आणि त्या घरातल्या माणसांनी त्याला चहा पाजून आतून बाहेर सोडला.

इथे दुसरा कोणी असता तर रद्दीवाल्याला हाक मारून मोकळा झाला असता. पण सावधानराव आयुष्यभर एकच धडा शिकले होते: न कळवलेला धोका आपला, कळवलेला धोका खात्याचा. बायको म्हणाली, “अहो, नका कळवू. हात दाखवून अवलक्षण कशाला?” त्यांनी कळवलं. लेखी कळवलं. ‘जिन्याखाली संशयास्पद वस्तू आढळली असून तिचे तोंड दाराकडे आहे’ असं लिहून खाली सही केली, आणि त्या दुपारी त्यांना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

तुमचं ते वाक्य उत्तरात आलं, साहेब. त्याच्या खाली दुसरंही होतं: समिती पाहणीला येईल, आणि समितीसमोर ओळख पटली नाही तर तो अनधिकृत साठा समजून क्वार्टर रिकामं करून घेण्यात येईल.

सावधानरावांनी कागद वाचला आणि ते जमिनीवर बसले. खुर्चीवर बसायचं होतं, पण खुर्ची पुढे होती. घर जाणार. सासूबाईंना जिना चढवत नाही म्हणून हातापाया पडून मिळवलेलं तळमजल्याचं घर. वसाहतीतून एकदा बाहेर पडलेलं बिऱ्हाड परत आत आल्याचं कोणी पाहिलेलं नाही. दारात नव्या माणसांची रांग असते. आणि गणवेश कुठे शिवायचे? शाळा इथली, मापं इथल्या पोरांची.

ते तुमच्या कचेरीत गेले. खिडकीत एक तरुण होता, पेनाचं टोपण चावत.

“हात न लावता ती चालवून कशी दाखवायची?”

“तुम्ही नका चालवू काका. अधिकृत चालक चालवेल.”

“कशाचा चालक?”

“त्या वस्तूचा.”

“वस्तू कुठली तेच माहीत नाही, तर तिचा चालक कुठून आणू?”

“म्हणूनच आधी ओळख पटवा म्हणतायत ना साहेब. किती सोपं करून दिलंय!”

“पण लोक म्हणतात तिच्यातून किरणं निघतात...”

टोपण चावायचं थांबलं. “तुम्ही तिच्याजवळ गेला होता?”

“तिथेच राहतो मी.”

“मग इथे कशाला आलात!” आणि खिडकी बंद झाली.

घरी परतले तर जिन्याखालच्या खोलीचं दार सताड उघडं आणि आत सासूबाई. कानाने मंद असल्यामुळे त्यांना या प्रकरणातलं कोणी काही सांगितलंच नव्हतं. ओरडून सांगण्याइतकी हिंमत कोणाला नव्हती. घरात पाहुणा आलाय आणि आपल्याला भेटवत नाहीत, एवढा त्यांचा समज झाला होता. त्या पितळी तोंडाशी नाक लावून उभ्या होत्या.

“सासूबाई, लांब व्हा!”

“काय?”

“लांब! लांब!”

“लांबच होता हो, जावईबापू. तालुक्याहून यायचा,” सासूबाई म्हणाल्या आणि पेटीवर काठीने ठोकलं. सावधानरावांनी डोळे मिटले. काही झालं नाही. “आमच्या शाळेत यायचा हा. चित्रांचा दिवा. खिडक्या झाकायच्या, भिंतीला चादर लावायची, मागून काच सरकवायची, की भिंतीएवढं चित्र! मी ज्वालामुखी पहिल्यांदा बघितला तो याच्यात. गुरुजींच्या भुवया जळाल्या.”

“ज्वालामुखीने?”

“दिव्याने हो! पेटी तापते केवढी. एकदा काच तडकली, ती थेट पहिल्या बाकावर.”

“म्हणजे स्लाइड प्रोजेक्टर!” बायको टाळी वाजवून म्हणाली. “जुना, मोठ्या काचांचा!”

कंपाउंडरला ते लागलं. “एक्स-रे म्हणजे तरी काय, चित्रच असतं,” म्हणत तो वर गेला. फौजीने तोफ मागे घेतली नाही.

तुम्हाला वाटेल, भीती गेली असेल. अनोळखी गेली, ओळखीची आली. आणि ओळखीची कधीही वाईट. तोफेबद्दल सावधानरावांना काही माहीत नव्हतं. पण उंदरांनी कुरतडलेली वायर, तापणारा पत्रा, बंद खोली आणि आत जमलेली माणसं, याचे दावे त्यांनी ढिगाने निकालात काढले होते. तो प्रत्येक दावा आता पाठीशी येऊन उभा राहायला लागला.

पेटीतला जुना बल्ब दुधीभोपळ्याएवढा होता आणि आतून काळा पडलेला. विजेच्या दुकानदाराने तो दोन्ही हातांत धरला.

“काका, हा बल्ब नाही, हा सूर्य आहे. नाटकवाले वापरतात तसला एक देतो. पण घरात लावणार?”

“का? काय होतं?”

“काही नाही. लावताना मीटरकडे बघू नका.”

बायकोने वायर बदलली, पेटीतलं उंदराचं घरटं काढलं, भिंगं मऊ फडक्याने पुसली. सावधानरावांनी तयारी केली. पायात गमबूट, हातात सुकी काठी, बाजूला वाळूची बादली, खांद्यावर ओलं घोंगडं. ते मेन स्विचजवळ उभे राहिले, एक हात दाराच्या कडीवर.

“लावू?” बायकोने विचारलं.

“थांब. सासूबाईंना बाहेर नेऊन बसव.”

“मी हलणार नाही,” सासूबाई म्हणाल्या. हे मात्र त्यांना ऐकू आलं.

बायकोने बटण दाबलं. पेटीच्या फटीफटीतून उजेडाच्या सुऱ्या बाहेर आल्या. धुराड्यातून आधी वास आला, मग धूर. “जळतंय! जळतंय!” “धूळ आहे हो!” भिंतीवर काहीतरी मोठं, करडं, धुरकट उमटलं, एक जिना छतापासून खाली लोंबत होता, वटवाघळासारखा.

“उलटी घातलीत,” सासूबाई म्हणाल्या. “डोकं खाली करून घालायची. ठिपका अंगठ्याखाली, गुरुजी म्हणायचे.”

काच सुलटी करायच्या आत फाट् असा आवाज झाला आणि सबंध क इमारतीची वीज गेली. वरून फौजी ओरडला, “हल्ला!” सावधानरावांनी दावे विभागाच्या सर्व सूचना स्मरून वाळूची बादली उपडी केली. घाईत ती यंत्रावर नाही, शिवून ठेवलेल्या गणवेशांवर झाली.

बायकोने एक शर्ट उचलून झटकला आणि ती म्हणाली, “बरं झालं. आता कांद्याचा वास तरी येणार नाही.”

फौजीने फ्यूजमध्ये जाड तार बसवून दिली. “आता बॉम्ब पडला तरी उडणार नाही.” फ्यूज उडण्यासाठीच असतो हे सावधानराव रोज शेऱ्यात लिहीत आले होते. त्यांनी स्वतः बॅटरी धरून फौजीला उजेड दाखवला. घर राहायला हवं होतं.

आणि मग, साहेब, तुम्ही आलात. बरोबर अग्निसुरक्षेचे अधिकारी आणि टिपण घेणारा कारकून. बाहेरच्या खोलीत यंत्र आणून ठेवलेलं, खिडक्यांना घोंगडी, भिंतीला पांढरी चादर, समोर खुर्च्या, खुर्च्यांमागे सगळी इमारत उभी. तुम्ही बसायच्या आधी खुर्ची झटकलीत. “तुम्हीच ते तोंडवाले का?” असं विचारलंत, आणि कारकून हसला. सावधानरावांच्या कपाळावरून घाम कानात जात होता.

त्यांनी पहिली काच डोकं खाली करून, ठिपका अंगठ्याखाली धरून सरकवली. हात इतका थरथरत होता की भिंतीवरची अक्षरंही थरथरली. ‘बांधकामातील गंभीर चुका. प्रशिक्षणार्थी अभियंत्यांसाठी.’ आणि खाली तुमच्या खात्याचं नाव.

“अरे, हे तर आमचंच!” तुम्ही ओरडलात. “आमच्या प्रशिक्षण शाखेचं यंत्र! लिहा हो, ओळख पटली.”

घर वाचलं. बायकोने पदराने डोळे पुसले. सावधानरावांनी पेटीवर थाप मारली, चटका बसला, आणि ते हसले. इथे तुम्ही थांबला असतात तर मी हे लिहिलंही नसतं. पण तुम्हाला मागे उभी असलेली माणसं दिसली. ऐकणारी माणसं दिसल्यावर तुमच्या हुद्द्याचा माणूस थांबतो थोडाच!

“चालू द्या,” तुम्ही म्हणालात आणि पुढच्या काचा सरकू लागल्यावर खिशातून पेन काढून उठलात. “हा खांब बघा. वरून गुळगुळीत. आणि हा फोडल्यावर. काय दिसतं? मधाचं पोळं! काँक्रीट नीट कुटलंच नाही, आत पोकळ्या राहिल्या. गज मोजा. हवेत त्याच्या निम्मे. कोणा गाढवाने केलं असेल ते देव जाणे.”

“म्हणजे अशी इमारत पडते का हो?” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनीने विचारलं.

“पडत नाही तोवर उभी असते, बाई!” अग्निसुरक्षावाले हसले. तुम्हाला आणखी चेव आला. “मी तर माझं कुत्रंसुद्धा तिथे बांधणार नाही. पुढची काच घ्या.”

सावधानरावांनी पुढची काच घेतली.

एक इमारत, समोरून. दारावर दगडात कोरलेलं क. आत डावीकडे जिना, जिन्याखाली बुटकं दार. दुसऱ्या मजल्याच्या कोपऱ्यात तिरके गज बसवलेली खिडकी.

“अरे! ही माझी खिडकी!” कंपाउंडर हर्षाने ओरडला, वर्तमानपत्रात आपला फोटो दिसावा तसा. मग त्याचा हात हवेतच राहिला.

सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, “छान आली आहे इमारत.”

काचेच्या खालच्या पट्टीवर बारीक अक्षरं होती, आणि भिंतीवर ती वीतभर उंच झाली होती. ‘उदाहरण: कर्मचारी वसाहत, इमारत क. तळमजला, कोपऱ्यातील खांब.’ सावधानरावांच्या बोटांनी आपोआप पुढची काच सरकवली. फोडलेला खांब, मोठा, जवळून. चादर खोलीच्या कोपऱ्यापर्यंत ताणलेली होती. त्यामुळे चित्रातला पोकळ खांब नेमका खोलीतल्या खऱ्या खांबावर पडला होता, कडेला कड जुळवून. हात थरथरत होता तसा तो खांबही थरथरत होता. सगळ्यांनी आधी भिंतीकडे, मग वर स्लॅबकडे बघितलं. आयुष्यभर सावधानराव एकटेच घाबरायचे. त्या घटकेला सबंध इमारत त्यांच्या बरोबरीला आली.

“बंद करा,” तुम्ही म्हणालात. सावधानरावांची बोटं काचेला चिकटली होती. कारकुनाने वायर खेचली.

अंधारात तुमचा आवाज अगदी स्वच्छ आला. “लिहा. वस्तूची ओळख पटलेली नाही.”

“पण साहेब, आत्ताच तुम्ही—”

“लिहा. आणि तो काचांचा खोका गाडीत ठेवा.”

बायकोने खिडकीवरचं घोंगडं ओढून काढलं, शांतपणे आली आणि खोक्यावर बसली. “ओळख पटली नसेल तर हात लावायचा नाही. तुमचाच हुकूम आहे.”

अग्निसुरक्षावाले छताकडे बघत दारात जाऊन उभे राहिले होते. तेवढ्यात सावधानराव बोलले. सरकारी माणसापुढे ते कोणी न विचारता बोलल्याचं त्यांच्या बायकोने पहिल्यांदाच ऐकलं. आवाज चिरका होता.

“साहेब, नंतर तो खांब दुरुस्त केला होता का?”

तुम्ही बूट घालत होता. “लेखी विचारा,” म्हणालात आणि गेलात.

त्यांनी लेखी विचारलं. फौजीने विचारलं, कंपाउंडरने विचारलं. तुमचं उत्तर एकच, सगळ्यांना: वस्तूची ओळख न पटल्याने तिच्यातून दिसलेल्या चित्रांची दखल घेता येत नाही. क्वार्टर रिकामं करायचा हुकूम मात्र आला नाही. कसा येईल? रिकामं करा म्हटलं तर का ते सांगावं लागेल.

आता क इमारतीत कोणी दार आपटत नाही. पोरांना जिन्यावरून उड्या मारायला बंदी आहे. बायको शिलाई मशीन चालवताना मधूनच पाय थांबवते आणि कान देते. पाहुणा जड पावलाने आला तर हळू बोलायला सांगावं तसं घरचे त्याला हळू चालायला सांगतात. ज्याला जायला दुसरं घर आहे असा एकही माणूस या इमारतीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. घरं तुम्हीच वाटलीत. सावधानराव कचेरीतून आले की आधी त्या कोपऱ्यात जातात, खांबाला तळवा लावून उभे राहतात आणि बोटाने टकटक करतात. भरीव वाजतो की पोकळ, ते त्यांना कळत नाही. दावे वाचणाऱ्याला सगळं नंतर कळतं.

म्हणून मी विचारतो, लेखी आणि सगळ्यांच्या देखत. यंत्राचं सोडा, त्याला तोफ म्हणा. चित्रांची दखल घेऊ नका. खांबाबद्दल बोला. तो चुकीचा बांधल्याचं तुमच्या खात्याला कळलं होतं. कळलं म्हणूनच तर त्याचा फोटो काढून शिकाऊ पोरांना शिकवलंत. फोटो काढल्यावर तो खांब भरलात, की नुसता गिलावा करून वर माणसं राहायला पाठवलीत?

साहेब, भरलात की नाही?